वेगळा सूर म्हणजे फितुरी नव्हे
(हळर्ण, पेडणे इथल्या युवा मेळाव्यातलं भाषण)



आपण बसलोय त्या गावाला पोर्तुगीज कागदांत 'आलोर्ना' म्हणतात. १७४६ साली इथला किल्ला घेणाऱ्या व्हाइसरॉयला पुढे 'मार्क्विस द आलोर्ना' हा किताब मिळाला. आपल्या गावाचं नाव लिस्बनच्या सरदारघराण्याला गेलं, तरी इथल्या माणसाच्या तोंडी 'हळर्ण'च राहिलं.

भाषा टिकवायची तर सगळ्यांचा सूर एकच हवा, असं आपण धरून चालतो. इतिहासात तसं दिसत नाही.

१६८४ च्या फर्मानाने गोव्यात स्थानिक भाषेवर बंदी आली. त्याच सरकारचा मुख्य सचिव कुन्य रिव्हार १८५६ मध्ये म्हणाला, पोरांचं शिक्षण त्यांच्या बोलीतून, कोंकणीतून सुरू करा. कित्येक शिकलेल्या गोंयकारांनाच ते पटलं नाही. इकडे पेडणे-डिचोलीत घरात बोली आणि पोथी-कीर्तनात मराठी. मग 'आपली' भाषा कुठली? हा वाद तिथपासूनचा आहे.

आणि तो आपल्याकडेच झाला असंही नाही. युरोपात १८४३ साली ल्युदोवित श्तूर आणि सोबत्यांनी स्लोवाक बोलीची ग्रंथभाषा करायचं ठरवलं. यान कोलार स्वतः स्लोवाक, पण १८४६ मध्ये तो उघड विरोधात गेला. चेक ही आपली सामाईक ग्रंथभाषा, ती सोडली तर आपण दुबळे होऊ, असं त्याचं म्हणणं. ओळखीचं वाटतं ना? पुढे स्लोवाक टिकली; पण कोलारला कुणी राष्ट्रद्रोही ठरवून इतिहासातून पुसलं नाही.

आता आपलं घर. १८८५ मध्ये पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरली. जोतीराव फुल्यांनी निमंत्रण नाकारलं. बहुजनांना माणसाचे हक्क न देणाऱ्यांच्या सभेशी आमचं जुळणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. ते मराठीचे वैरी होते का? 'शेतकऱ्याचा असूड' त्यांनी मराठीतच लिहिला! ग्रंथांची भाषा वाढतेय, पण कुणासाठी, एवढंच ते विचारत होते.

१९८७ च्या राजभाषा कायद्यात कोंकणी राजभाषा झाली, मराठीलाही सरकारी वापराची मुभा मिळाली. त्यावर आपण भांडतो, भांडूयाच. पण उद्या एखादी मुलगी उठून म्हणाली, "माझी आई बोलते ती बोली तुमच्या मराठीत कुठं बसते?" तर तिला खाली बसवू नका. तिचं उत्तर आपल्याकडे नसेल, तर आपली मागणी अजून कच्ची आहे.