कमाई आणि पुरुषार्थ

(अंजूर, ता. भिवंडी येथे युवकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



अंजूरचे नाव इतिहासात गाजले ते गंगाजी नाईकांमुळे. १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेतील त्यांच्या कामगिरीचा गावाला अभिमान वाटावा, हे स्वाभाविकच आहे. परंतु तलवारीने पौरुष मोजण्याचा काळ सरला आणि 'घर पोसतो तो पुरुष' हे नवे माप आले. महाविद्यालयात शिकणारा तरुणही आज याच मापाने स्वतःला जोखतो.

हे माप किती तकलादू आहे, याची साक्ष भिवंडी परिसर देतो. १९८२ साली मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप फसला, हजारोंची कायम नोकरी गेली आणि कापडाचे काम यंत्रमागांकडे वळले. तेथे बारा तासांची पाळी आणि विणलेल्या कापडावर मजुरी. पुढे भातशेतीच्या जागी गोदामे उभी राहिली. तेथील रोजगार बहुतांशी कंत्राटी. पदवी हाती असूनही स्थिर वेतनाची शाश्वती नाही. ज्याच्या पौरुषाची सारी भिस्त कमाईवर आहे, त्याला बेकारी हा स्वतःचाच कमीपणा वाटू लागतो, आणि बाहेर गमावलेली सत्ता तो घरात बहिणीवर वा पत्नीवर गाजवू पाहतो. ही कारणमीमांसा झाली, समर्थन नव्हे.

बेकारीने ग्रासलेल्या आफ्रिकेतील तरुणांपुढेही हाच पेच आहे. दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतात तरुण-तरुणींच्या गटचर्चांचा 'स्टेपिंग स्टोन्स' हा उपक्रम राबविण्यात आला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एचआयव्हीची लागण त्यामुळे लक्षणीय घटली नाही. मात्र सहभागी तरुणांकडून जोडीदारावर होणारी हिंसा कमी झाली. पौरुषाच्या कल्पना जन्मजात नसतात, शिकवलेल्या असतात. म्हणून त्या बदलताही येतात. मुंबईत १९९३ साली स्थापन झालेली 'मावा' ही पुरुषांची संघटना महाविद्यालयीन तरुणांत हेच काम करीत आली आहे.

ताराबाई शिंदे यांनी १८८२ सालीच 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून पुरुषी अहंतेला जाब विचारला होता. डॉ. लोहियांच्या सप्तक्रांतीतही स्त्री-पुरुष समता आहेच. तरीही कामगारांच्या सभेत वेतनाचा प्रश्न निघतो आणि घरकामाच्या वाटणीचा प्रश्न महिला आघाडीकडे सोपविला जातो. ही फारकत थांबली पाहिजे. कंत्राटी पद्धतीविरुद्ध लढणाऱ्या युवक कार्यकर्त्याने आपल्या घरी भांडी कोण घासते, याचेही उत्तर त्याच सभेत दिले पाहिजे.