चारी चाकांची ओढ

पिकअप ट्रकच्या चारी चाकांना इंजिनाची ओढ मिळाली म्हणजे गाडी सर्वत्र निर्धोक झाली, असा समज पुष्कळांचा दिसतो. आज त्या समजाची थोडी छाननी करावयाची आहे.

टोयोटा हायलक्ससारख्या ट्रकांत चालकापाशीं एक गोल खटका असतो. त्यावर ‘२ एच’, ‘४ एच’ व ‘४ एल’ अशीं तीन स्थानें असतात. ‘२ एच’वर केवळ मागचीं चाकें ओढतात. हौदा रिकामा असला तर त्यांवर भार थोडा, म्हणून ओल्या चढावर तींच जागच्या जागीं फिरूं लागतात. ‘४ एच’वर ट्रान्सफर केस नांवाची दंतचक्रांची पेटी पुढच्या व मागच्या दांड्यांना एकमेकांशीं जखडते, मग दोहोंना सारख्याच फेऱ्या घ्याव्या लागतात. सारें मर्म या जखडण्यांत आहे.

गाडी वळतांना पुढचीं चाकें मोठ्या वर्तुळावरून जातात, मागचीं लहान. दोन आंसांत ३ मीटर अंतर धरा, आणि मागच्या आंसाचा मध्य ६ मीटर त्रिज्येनें वळतो असें समजा. पायथागोरसच्या सिद्धांतानें पुढची त्रिज्या सुमारें ६.७ मीटर येते. म्हणजे एका काटकोनी वळणांतच पुढच्या चाकांना सुमारें १.१ मीटर अधिक चालावें लागतें. (हा सिद्धांत कशास शिकावयाचा, असें विचारणाऱ्या मुलांना हें उदाहरण द्यावें.) दांडे जखडलेले असतां हा फरक कोठें जावयाचा? चिखलांत वा वाळूंत चाक किंचित् घसरून तो पचवितें. कोरड्या डांबरावर तसें घसरतां येत नाहीं. तेथें दांड्यांत पीळ सांठत जातो. स्टिअरिंग जड होतें, टायर उड्या मारतात, खटका फिरवूनही जखड सुटत नाहीं. अशा वेळीं थांबावें व चाकें सरळ ठेवून थोडें मागें यावें. पीळ बहुधा उलगडतो. उपेक्षा केल्यास दंतचक्रें मोडूं शकतात. म्हणून कोरड्या पक्क्या रस्त्यावर ‘२ एच’च. मधला डिफरन्शियल असलेल्या गाड्यांची गोष्ट निराळी.

‘४ एच’ चिखलांत शिरण्यापूर्वीं, सरळ चालत असतां घ्यावें. चाक गरगरत असतां नव्हे. ‘४ एल’साठीं गाडी थांबवून गिअर न्यूट्रलला आणावा. यांत गति सुमारें अडीचपट मंदावते व ओढ त्याच प्रमाणांत वाढते. खड्या, निसरड्या उतारावर पहिल्या गिअरांत उतरावें, म्हणजे इंजिनच गाडीला आवरतें. हातानें गिअर बदलावयाची गाडी असेल तर क्लच मात्र दाबूं नये. दाबला कीं तो आवर सुटला.

खरा धोका निराळाच आहे. पावसाळ्यांत आंबोली घाटांत अशी गाडी झटकन् वेग घेते आणि चालकास वाटतें, रस्त्यावर पकड उत्तम आहे. पण ब्रेक साध्या मोटारीलाही चारी चाकांचेच असतात! थांबण्याच्या कामीं या खटक्याचा कांहींएक उपयोग नाहीं. ओल्या वळणावर वेग अधिक झाला तर ही गाडीही सरळ कठड्याकडेच जाते.

टायरांविषयीं एक शब्द. चारी एकाच मापाचे व सारखेच झिजलेले असावेत. दोन नवे, दोन गुळगुळीत, अशी काटकसर केली तर ‘४ एच’वर सरळ रस्त्यावरसुद्धां दांड्यांत पीळ भरत राहतो.