घरची शिलाई



आळीतल्या चार घरांच्या गणवेशाचं कापड आई एकाच ताग्यातून घ्यायची, म्हणजे रंगात फरक नको. सुती कापड आधी रात्रभर भिजवायचं, आटलं की मगच कात्री. शिलाईत दोन बोटं माया, खाली चार बोटं दुमड. दरवर्षी थोडी उसवली की स्कर्ट तीन वर्षं पुरे. जुन्या दुमडीची गडद रेघ मात्र लपत नसे. तिच्यावरून आपण एकमेकींच्या स्कर्टचं वय मोजायचो!

आठवीत आपल्यातली एक गणवेशाअभावी घरी बसणार होती. आईने तिला कापड दिलं नाही; तिच्या आईला काजं-बटणं करायला बोलावलं आणि मजुरीत गणवेश दिला. ती आज पहिल्या रांगेत बसली आहे. एवढं सांगायची परवानगी तिनेच दिली, नावाची नाही.