फळी निसरडी, दोष जनावराला

जनावरांसाठी मराठीत काही शब्द आपण फार सढळ हाताने वापरतो. अडेल, हट्टी, मुजोर. पावसाळ्यात घोडेगावच्या किंवा काष्टीच्या बाजारात टेम्पोमागे घटकाभर उभे राहा, हे शब्द दहादा कानावर येतील. बैल फळीवर एक खूर ठेवतो, हुंगतो आणि मागे सरतो. मग कासरा ओढला जातो, शेपूट पिरगाळली जाते, काठी बसते. मी शब्दांचा माणूस आहे. मला वाटते, इथे शब्द भलत्यालाच लागू केला जातो. बैलाने पायाखालची जागा तपासली, एवढाच त्याचा गुन्हा.

आपला नगर जिल्हा, म्हणजे आताचा अहिल्यानगर, अकोल्याचा डोंगरी भाग सोडला तर पर्जन्यछायेतला. पाऊस बेताचा, म्हणून ओल्या फळीची तयारी कुणी ठेवत नाही. जनावरांचा प्रवास मात्र वाढला आहे. बाजाराची गुरे आहेत, वरातीची घोडी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बंद केलेल्या बैलगाडा शर्यतींना डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली आणि २०२३ साली राज्याचा कायदाही न्यायालयात टिकला. तेव्हापासून शर्यतीचे बैल आणि गाड्यापुढे पळणारी घोडी टेम्पोतूनच घाटावर जातात.

खूर म्हणजे नखासारखाच कठीण पदार्थ. तो ओला झाला की गुळगुळीत पृष्ठभागावर पकड सुटते. त्यात बैलाला पत्री, घोड्याला नाल. ओल्या लोखंडी पत्र्यावर लोखंडी नाल टेकली तर तिने धरायचे कशाला? मागचे पाय फाकले की मांडीचे स्नायू फाटतात, खुब्याला मार बसतो. चार-पाचशे किलोचे जनावर एकदा बसले की उठवणे कठीण, आणि त्या घरची वर्षभराची मशागत तिथेच बसते. निभावले तरी भीती मागे राहते. एकदा घसरलेले जनावर पुढे कोरड्या फळीलाही बिचकते.

उपाय सोपे आहेत. पहिला उताराचा. टेम्पोचा तळ जमिनीपासून तीन फूट असेल तर फळी नऊ-दहा फूट लांब हवी. पाच फुटांची फळी म्हणजे जिनाच. लांब फळी नसेल तर टेम्पो एखाद्या उंच बांधाला मागून लावावा, चढ आपोआप कमी होतो. फळी मध्ये वाकत असेल तर खालून टेकू द्यावा, कारण हलणाऱ्या, पोकळ वाजणाऱ्या फळीवर घोडी पाय ठेवत नाही.

दुसरा उपाय पकडीचा. लाकडी फळीवर वीत-वीत अंतराने अंगठ्याएवढ्या जाड आडव्या पट्ट्या ठोकाव्यात. खिळ्याचे टोक वर राहता कामा नये. पट्टी कडेपर्यंत नेऊ नये, दोन्ही बाजूंना बोटभर जागा सोडावी, म्हणजे पाणी आणि शेण वाहून जाते. फाळका लोखंडी असेल तर वेल्डिंगवाल्याकडून आडव्या सळया जोडून घ्याव्यात. नक्षीच्या पत्र्यावर विसंबू नये, वापराने ती नक्षी झिजते. लाकडाला ऑइलपेंट देऊन तो ओला असतानाच चाळलेली कोरडी वाळू पेरली तर पृष्ठभाग खरखरीत होतो. काथ्याची चटई किंवा गोणपाट चालेल, पण चारही बाजूंनी घट्ट बांधलेले. खताच्या प्लॅस्टिकच्या गोण्या अजिबात नकोत. पाचट किंवा कडब्याचा चुरा नुसता पसरला तर तोच पायाखालून सरकतो.

तिसरा उपाय खुराचा. नेवाशाकडची काळी माती ओली झाली की खुरात घट्ट भरते. आधी जनावराला मुरमावरून चार पावले चालवावे, खूर खरवडावेत. प्रत्येक जनावर चढल्यावर फळीवरचे शेण काढून मूठभर मुरूम टाकावा.

यात नवे काही नाही. जनावरांच्या वाहतुकीचे केंद्र सरकारचे नियम १९७८ सालचे आहेत. साध्या मालमोटारीच्या तळाला काथ्याची चटई किंवा लाकडी फळ्या, म्हणजे न घसरणारे काही हवे आणि एका गाडीत सहापेक्षा जास्त गुरे नकोत, असे त्यांत लिहिले आहे. तळासाठी जे शहाणपण आहे, तेच फळीलाही लागू आहे.

बाजारात पक्का धक्का बांधतात तेव्हा गवंडी हौसेने तो गुळगुळीत घोटतो. त्याला वेळीच थांबवा. सिमेंट ओले असतानाच आडव्या खाचा पाडून घ्या.

आणि पुढच्या पावसात जनावर चढवण्याआधी चपला काढून स्वतः त्या फळीवर चढून बघा. तुमचा पाय सरकला, तर काठी खाली ठेवा आणि हातोडी उचला.