राखणीला पारधी, चोरीलाही पारधी



कोलंबियाचा पासपोर्ट पुढे केला की परदेशी विमानतळावर बऱ्याचदा अधिकाऱ्याची नजर बदलते. कोकेन! तिथला कोकेनचा तस्कर पाब्लो एस्कोबार 2 डिसेंबर 1993 रोजी मारला गेला. पण त्यानंतर जन्मलेल्या पोरांनाही त्याच्या नावाने टोमणे खावे लागतात. याच देशाची कॉफी जग पितं, इथल्याच मार्केझना 1982 साली साहित्याचं नोबेल मिळालं. मालिका मात्र निघतात त्या एस्कोबारवर.

हे ऐकून मराठवाड्यातल्या केदारखेडा गावच्या माणसालाही वाईट वाटेल. पुण्यात खोली शोधताना ‘मराठवाड्याचे का?’ हा प्रश्न आपल्या पोरांनीही ऐकलाय. ते सोडा, तेवढं आपण पचवतो.

गावाबाहेर पाल टाकून राहणाऱ्या पारध्याचं काय? इंग्रजांनी 1871 साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. पुढे तो कायदा मुंबई इलाख्यातही लागू झाला. पोलिसांकडे नाव नोंदवा, हजेरी द्या, परवानगीशिवाय हलू नका. काही केलेलं असो वा नसो. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला आणि या जमाती ‘विमुक्त’ झाल्या, म्हणजे कागदावर. लगेच सराईत गुन्हेगारांसाठीचे कायदे आले आणि संशय त्याच दाराशी येऊन बसला. तुरुंगांच्या नियमावल्यांतला या जमातींना सराईत गुन्हेगार मानणारा मजकूर काढायचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला तो ऑक्टोबर 2024 मध्ये, बहात्तर वर्षांनी!

फासेपारध्याचा धंदा मुळात फासे लावून तितर-लावे धरायचा. शिकारीवर बंदी आली, ती रास्तही होती. पण त्या बदल्यात जमीन किती जणांच्या हाती पडली? उरली मजुरी आणि शेताची राखण. मोसंबीच्या बागेत, उभ्या ज्वारीत रात्रभर जागायला पारधी लागतो. अंधारात पाचोळा वाजला तरी कोण आलं ते त्याला कळतं, असं बागवालेच कौतुकाने सांगतात.

आणि शेजारच्या शिवारात मोटार चोरीला गेली की पोलीस पहिले जातात ते त्याच्याच पालावर. भांडी बाहेर फेकली जातात, तरणं पोरगं गाडीत बसवलं जातं. अशा वेळी बागवाला सहसा ठाण्यात जात नाही. ‘रात्रभर हा माझ्या बागेत होता’ एवढं एक वाक्य त्याला सांगता आलं असतं.