डॉर्सेटमधली दोन खेडी



या व्यासपीठावर आमच्या आधी विद्वान मंडळी बोलून गेली. आमचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि युनियनच्या कचेरीत झाले, तेव्हा बोलण्यात पांडित्य सापडणार नाही. विषय दिला आहे ‘इंग्लंडमधील ऐतिहासिक गावे’. स्ट्रॅटफर्डला शेक्सपीअरचे घर आहे, बाथला रोमनांची स्नानगृहे आहेत. ती प्रवासी कंपन्या दाखवतातच. आम्ही बोलणार आहोत दक्षिण किनाऱ्यावरच्या डॉर्सेट परगण्यातील दोन खेड्यांविषयी. आम्ही चौघे कार्यकर्ते तिथे एका जुलै महिन्यात गेलो होतो. का गेलो, ते पुढे येईलच.

पहिले खेडे मिल्टन ॲबस. इंग्लंडच्या खेड्यांची चित्रे असलेल्या कॅलेंडरवर तुम्ही ते पाहिलेही असेल. एक उतरता रस्ता, दोन्ही अंगांना पांढरी, पेंढ्याने शाकारलेली घरे, सगळी एका साच्यातून काढल्यासारखी, आणि पुढे हिरवळ. गाव इतके देखणे की डोळा ठरत नाही. पण आम्हांला वर्षानुवर्षे चाळींचे हिशेब करायची सवय, म्हणून मनात आले की खेडे कधी असे एका मापाचे वाढते काय?

वाढलेले नाहीच. खालच्या दरीत, मठाच्या जुन्या देवळाला लागून, मिडल्टन नावाचे बाजारपेठेचे गाव होते. जोसेफ डेमर, म्हणजेच लॉर्ड मिल्टन, याने १७५२ मध्ये ही मालमत्ता घेतली. आपल्या हवेलीच्या खिडकीतून लोकांची घरे दिसतात हे त्याला खपेना. भाडेपट्टे संपतील तसतशी त्याने घरे पाडीत नेली. दरीचा देखावा आखायला लॅन्सलॉट ब्राऊन हा नामांकित बागरचनाकार आणला. हा प्रत्येक जमीनदाराला सांगे की तुमच्या जागेत पुष्कळ वाव आहे, म्हणून त्याचे नावच ‘केपेबिलिटी ब्राऊन’ पडले. गावकऱ्यांच्या जागेत काय वाव होता, हे कोणी विचारले नाही. हॅरिसन नावाचा एक वकील मात्र पट्टा सोडीना. तेव्हा लॉर्डसाहेबांनी तळ्याचे पाणी त्याच्या घरावर सोडले, असे सांगतात. वकीलच तो; कोर्टात गेला आणि जिंकला. बाकीच्यांना टेकडीआड छत्तीस घरे बांधून दिली, आणि त्या प्रत्येक घरात दोन-दोन कुटुंबे घातली. आज आपण जे टिपायला कॅमेरे घेऊन जातो ते हे पुनर्वसन! घरे टिकाऊ बांधली हे कबूल केले पाहिजे. आपल्याकडच्या धरणग्रस्तांना तेवढेही लाभले नाही.

आता तिथून काही मैलांवरचे दुसरे खेडे, टॉलपडल. देखणेपणात ते मिल्टनच्या पासंगालाही पुरणार नाही. एक लांब रस्ता, एक चर्च, आणि छोट्या हिरवळीवर सिकॅमोरचे एक म्हातारे झाड. झाडाचा जन्म १६८० च्या सुमाराचा, असे तज्ज्ञांनी मोजून सांगितले आहे. १८३०-३५ च्या काळात शेतमजूर या झाडाखाली जमत, असे मानतात. जमून बोलायचे काय? मजुरीविषयी. आठवड्याची मजुरी नऊ शिलिंगांवरून आठ झाली, मग सात झाली, आणि पुढे सहा होणार असे कानांवर आले. शेजारच्या भागांत दहा शिलिंग मिळत होते. मालकांनी तेवढी द्यायचे कबूल केले होते, त्याला गावचा पाद्री साक्षी होता. पुढे पाद्र्यानेही हात झटकले, असे जॉर्ज लव्हलेसने लिहून ठेवले आहे.

हा लव्हलेस नांगऱ्या होता. त्या तुटपुंज्या मजुरीतून पुस्तके घेऊन तो स्वतःच शिकला आणि मेथडिस्ट पंथाचा प्रवचनकारही झाला. त्याने मजुरांची संघटना काढली. १८२४ पासून इंग्लंडात संघटना करणे बेकायदा नव्हते. तेव्हा पकडायचे कशात? सरकारने १७९७ चा एक कायदा शोधून काढला. नाविकांच्या बंडानंतर झालेला, गुप्त शपथेविरुद्धचा. टॉलपडलच्या मजुरांनी सभासद होताना शपथ घेतली होती, एवढे पुरले. फेब्रुवारी १८३४ मध्ये सहा जणांना पकडून डॉर्चेस्टरला नेले. ग्रँड ज्युरीचा प्रमुख गृहमंत्री मेलबर्न यांचा मेहुणा होता! मार्चमध्ये शिक्षा झाली: सात वर्षे काळे पाणी, ऑस्ट्रेलियाच्या बाजूला.

ते न्यायालय डॉर्चेस्टरच्या शायर हॉलमध्ये अजून जसेच्या तसे आहे. आता तिथे संग्रहालय आहे. आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहता येते, खाली कोठड्यांत उतरता येते. आमच्यापैकी ज्या दोघांनी संपात तुरुंग पाहिला होता, ते त्या कोठडीतून बराच वेळ वर आले नाहीत.

२१ एप्रिल १८३४ ला लंडनमध्ये प्रचंड मोर्चा निघाला, लाखांवर सह्यांचा अर्ज गेला, आणि मार्च १८३६ मध्ये माफी मिळाली. परतीला मात्र आणखी एक ते तीन वर्षे गेली. आपल्याकडे मद्रासच्या कामगार संघटनेवर मालकांनी १९२० मध्ये दावा लावला. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने नोंदलेल्या युनियनला कटाच्या आरोपापासून संरक्षण मिळाले. टॉलपडलनंतर ९२ वर्षांनी! म्हणून आम्ही त्या झाडाखाली गेलो होतो.

सहांपैकी पाच जण पुढे कॅनडात गेले. गावी राहिला एकटा जेम्स हॅमेट. शपथेच्या रात्री तो हजर नव्हताच, भावाच्या नावावर त्याने शिक्षा भोगली, असे सांगतात. १८९१ मध्ये तो डॉर्चेस्टरच्या वर्कहाउसमध्ये, म्हणजे निर्धनगृहात, वारला. त्याच्या थडग्यावर दगड बसला तो १९३४ मध्ये, शताब्दीला. एरिक गिल या शिल्पकाराने तो कोरला. त्याच साली ब्रिटिश ट्रेड युनियन काँग्रेसने वृद्ध शेतमजुरांसाठी गावात सहा घरे बांधली, प्रत्येकाला एका हुतात्म्याचे नाव. मधल्या इमारतीत छोटे संग्रहालय आहे. मिल्टनच्या छत्तीस घरांच्या शेजारी ही सहा घरे मनात ठेवून पाहावीत. एकीकडे घरे बांधली ती माणसे नजरेआड करण्यासाठी, दुसरीकडे नजरेसमोर ठेवण्यासाठी.

जुलैत तिथे मेळावा भरतो. बँड, झेंडे, मिरवणूक, आणि हॅमेटच्या थडग्यावर पुष्पचक्र. आमच्या झेंड्यावरची मराठी अक्षरे कोणाला वाचता येत नव्हती, तरी दोन म्हाताऱ्या खाण कामगारांनी काठी धरायला मदत केली.

जाणाऱ्यांसाठी एवढेच: लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून डॉर्चेस्टरला थेट गाडी आहे. शायर हॉल आधी पाहावा, मग टॉलपडल, आणि मिल्टन ॲबस शेवटी. खेड्यांकडच्या बसेस थोड्या असतात. वेळापत्रक पाहून निघावे आणि अंगावर रेनकोट ठेवावा, जुलै असला तरी.