आंतरजालावरील आपले नाव
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



दोन वर्षांपूर्वी आपल्या मंडळाच्या नावावर जो प्रसंग ओढवला, त्या वेळी चिटणीसपद आमच्याकडे होते. तेव्हा त्याची हकीकत आम्हीच सांगावी हे उचित.

वधूवर-सूचीसाठी व शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी आपण एक संकेतस्थळ काढले होते. त्याचे नाव एका उत्साही तरुण सभासदाने स्वतःच्या नावे व स्वतःच्या ईमेलवर नोंदवून दिले. आम्ही त्याचे आभार मानले आणि तो विषय विसरलो. पुढे तो परदेशी गेला, जुना ईमेल त्याने सोडला, आणि नूतनीकरणाची स्मरणपत्रे तेथेच पडून राहिली. एके दिवशी सोलापूरच्या एका भगिनींनी आपल्या मुलीचे टिपण पाहण्यासाठी मंडळाचे स्थळ उघडले, तो पुढे जुगाराच्या जाहिराती! त्यांचा दूरध्वनी आला तेव्हा काय उत्तर द्यावे ते आम्हांस सुचेना.

आंतरजालावरील यंत्रांचे पत्ते वस्तुतः आकड्यांचे असतात. आकडे ध्यानात राहत नाहीत, म्हणून १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी नावांची पद्धती योजिली. १९८५ च्या मार्चमध्ये 'डॉट कॉम'मधील पहिले नाव नोंदले गेले. प्रारंभी यास शुल्क नसे. ते १९९५ पासून सुरू झाले. १९९८ साली स्थापन झालेली 'आयकॅन' ही संस्था या व्यवस्थेवर देखरेख ठेवते, आणि 'डॉट इन'चे दफ्तर आपल्याकडील 'निक्सी' सांभाळते.

नाव विकत घेतले, असे आपण म्हणतो. ते खरे नव्हे. ते मुदतीच्या पट्ट्याने मिळते, आणि एका वेळी फार तर दहा वर्षांसाठी. मुदत टळली की 'डॉट कॉम'च्या बाबतीत नोंदणीदार संस्था बहुधा काही दिवस सवड देते. नाव रद्द झाल्यावरही ३० दिवसांत जादा आकार भरून ते सोडविता येते. त्यानंतर ते कोणासही मोकळे. अशा नावांवर टपून बसणारे लोक पुष्कळ आहेत. आमच्या हातून या सर्व पायऱ्या निसटल्या. अधिक चिंतेची गोष्ट अशी की, नाव ज्याच्या हाती, त्या नावाच्या पत्त्यावर येणारे टपालही त्याच्या हाती. पालकांनी पाठविलेली मुलींची छायाचित्रे व घरचे पत्ते कोणा परक्याने वाचले असतील काय, या विचाराने आम्हांस कित्येक रात्री झोप लागली नाही.

त्या गृहस्थाने नाव परत देण्यासाठी जी रक्कम मागितली, ती आपल्या वर्षाच्या शिष्यवृत्तीनिधीहून अधिक होती. आमचे मत ती द्यावी असे होते; कार्यकारिणीने नकार दिला. विद्यार्थ्यांच्या तोंडचा घास काढून ते नाव सोडविणे अयोग्यच ठरले असते, हे आज आम्ही मान्य करतो.

न्यायालयात का गेलो नाही, असे पुष्कळांनी विचारले. कायदा अगदीच दुबळा नाही. १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयाने 'रेडिफ'शी मिळतेजुळते 'रॅडिफ' हे नाव वापरण्यास मनाई केली. २००४ साली 'सिफी'च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा नावांस व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते असे ठरविले. लवादाचीही सोय आहे. परंतु तेथे नाव आपल्या चिन्हाशी जुळते, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही आणि त्याने ते दुष्ट हेतूने घेऊन वापरले, ही तिन्ही कलमे सिद्ध करावी लागतात. आपले नाव ज्ञातीचे. तेच नाव गावोगावची मंडळे लावतात. ते केवळ आमचेच, असे कोणत्या तोंडाने म्हणणार?

शिवाय बलिष्ठाची बाजू नेहमीच न्याय्य असते असे नव्हे. अमेरिकेत उझी निस्सान यांनी १९९४ साली स्वतःच्या आडनावाचे 'डॉट कॉम' नोंदविले. १९९९ साली त्याच नावाच्या मोटार कंपनीने त्यांच्यावर दावा लावला. कित्येक वर्षे झगडून त्यांनी आपले नाव राखले. आडनावाचा अभिमान आपल्या रक्तातच असल्याने आम्हांस हा मनुष्य फार जवळचा वाटतो.

आता आपण 'डॉट इन'मध्ये नवे नाव घेतले आहे, तेही मंडळाच्या नावे. स्मरणपत्रे चिटणीस व खजिनदार दोघांसही जातात, आणि मुदतीची तारीख हिशेबवहीच्या पहिल्या पानावर लिहिलेली आहे. २०१४ पासून 'डॉट भारत'मध्ये देवनागरी नावेही मिळतात. तसे एक घ्यावे अशी आमची सूचना कार्यकारिणीपुढे आहे. मागील दिनदर्शिकेवर जुनेच नाव छापलेले आहे. ज्यांच्या घरी ती अद्याप भिंतीवर असेल त्यांनी ते खोडावे, आणि त्या पत्त्यावर टिपण पाठवू नये.